सरळ लावलेलं पुस्तक

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांचं पुस्तक बांधून सोबत पाठवतो आहे. चाळीस वर्षं बाइंडिंग करतोय, पण इतकं गचाळ काम हाताखालून गेलं नव्हतं. कुठल्याशा हौशी टोळक्याने सायक्लोस्टाईलवर काढलेलं, कागदाच्या एकाच बाजूला छापलेलं, आणि पानांचा क्रम म्हणजे आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. नायक तिसऱ्या पानावर यानात, चौथ्यावर मेलेला, पाचव्यावर निवांत जेवतोय!

म्हणून मी ते मुळापासून वाचलं आणि गोष्ट सरळ लावून दिली. आता नायक सुखरूप घरी पोचतो. बत्तीस पानं कशातच बसेनात, ती सुतळीने बांधून ठेवली आहेत. वरची कड मशीनवर कापून एकसारखी केली, त्यात माथ्यावरचे वेडेवाकडे आकडेही गेले.

दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने संध्याकाळी परग्रहावर कशाला जावं, हे मला कधीच कळलं नाही. कपाटभर कृष्णविवरं, यंत्रमानव आणि फाशांचे खेळ, कामाची ओळ एक नाही. आता अर्धांगाने त्यांची वाचा गेल्यावर तरी तू त्यांना काही बरं वाचून दाखवशील असं वाटलं होतं. असो. प्रकृतीला जप.

तुझं भलं चिंतणारा,
दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. अरे, ते खेळाचं पुस्तक आहे! पानाच्या तळाशी दोन वाटा दिलेल्या असतात. पुलावरून जायचं तर पान सत्तेचाळीस उघडा, बोगद्यातून जायचं तर पान बारा. वाट वाचणाऱ्याने निवडायची. तू सगळीकडे तुझ्या अकलेची वाट निवडलीस, आकडे छाटलेस आणि बाकीचं गाठोडं केलंस. तळाशी काय लिहिलंय ते एकदाही वाचावंसं वाटलं नाही तुला?

या घरात आता ह्यांचं सगळं दुसरीच माणसं ठरवतात. औषध नर्स, जेवण मी, खिडकी उघडी की बंद तेही मीच. फक्त संध्याकाळी पुस्तक घेतलं की ते ठरवायचे. पहिली वाट हवी तर एक बोट, दुसरी हवी तर दोन. हे वाचून दाखवायला मलाही आवडायला लागलं होतं. मी नेहमी पुलाच्या बाजूची, ते हट्टाने बोगद्याच्या.

परवा मी तुझं सुबक पुस्तक उघडलं. त्यांनी दोन बोटं वर केली. मी पान शोधत राहिले आणि ते बोटं तशीच धरून बसले. शेवटी मला पुस्तक मिटावं लागलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. मला तुझा मनापासून राग आलाय. पुस्तक परत पाठवते आहे, होतं तसं करून दे.

रागातही तुझीच,
धाकटी

दि. २० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शिवण उसवून सगळी पानं टेबलावर पसरली. आकडे गेल्यामुळे कुठलं पान कुठलं, ते खेळूनच कळणार होतं. पुस्तक मूर्खपणाचं आहे हे माझं मत कायम आहे. विषारी धुक्यात चारदा मेलो. यंत्रमानवाला दोर दिला नाही म्हणून एकदा मेलो, यात काय शास्त्र आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण दरवेळी चिडून पुन्हा पहिल्या पानावर गेलो. गिऱ्हाईक दुकानात ताटकळत होतं, त्याला उद्या यायला सांगितलं.

तळच्या वाटांशी जुळवून पानांवर पुन्हा आकडे घातले आहेत. फक्त दोन पानं जुळ्यासारखी आहेत, पुलाचं कुठलं आणि बोगद्याचं कुठलं ते मेहुण्यांनाच ठाऊक. आणि एक कबूल करतो. तुझ्या लग्नापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना ढीगभर गोष्टी सुनावल्या, विचारलं मात्र कधीच काही नाही. याची मला लाज वाटते. तुझं उत्तर आलं की त्या रविवारी पुस्तक घेऊन येतो आणि त्यांच्यापाशी बसून विचारतो. येऊ ना?

उत्तराची वाट पाहणारा,
दादा

दि. २६ मार्च

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. धुक्यात चारदा मेलास तिथे ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग मी विचारलं, दादाने पुस्तक नुसतं पाठवायचं तर एक बोट, घेऊन यायचं तर दोन.

त्यांनी बराच वेळ विचार केला. एक बोट वर केलं. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा एकच.

मला फार वाईट वाटलं, दादा. हो म्हणा म्हणून त्यांना गळ घालावी असं अगदी ओठावर आलं होतं. नाही घातली. तू येऊ नकोस. पुस्तक पाठव आणि ती जुळी पानं सुटीच ठेव, ते दाखवतील. महिन्याभराने मी पुन्हा विचारीन आणि ते सांगतील तेच तुला कळवीन.

तुझ्यावर माया आहेच, ती कुणाला विचारून ठरत नाही.
धाकटी