डाव्या हाताचा घास

पेठ, मंगळवार, १४ सप्टेंबर २००४

शेजारच्या सईकडून आले, संताप आवरत नाही. सहा वर्षांची पोर, डावा हात जन्मापासून अधू. तो चालावा म्हणून डॉक्टरांनी चांगला उजवा तीन आठवडे प्लास्टरमध्ये घातला. आणि तिची आजी, पारूबाई, तिला भरवतेय!

"डाव्या हातानं जेवतं का कुणी? घराला बरं न्हाई ते, बाई."

"मग तो हात शिकणार कधी, पारूबाई?"

"तुमी मिशनच्या शाळंतल्या. तुमाला काय त्याचं?"

सईची डावी बोटं घट्ट मिटलेली, मला उघडेनात. गेल्या आठवड्यात त्याच बोटांनी तिने शेंगदाणा उचलला होता. की मला तसं वाटलं? नाही, उचलला होता.

चार दिवसांनी प्लास्टर निघेल. डॉक्टर विचारतील, डावा हात किती वापरला? आजी सांगेल, पोर वेळच्या वेळी जेवली.