अकरा फायलींची सुटका

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे.
नवी नोकरी. यंत्रांसाठी कर्ज देणारी कंपनी. बेकरीवाल्याला भट्टी, छापखान्याला मशीन, दातांच्या डॉक्टरला ती वर-खाली होणारी खुर्ची. कर्ज फिटेपर्यंत यंत्र आमच्याकडे तारण. तशी नोंद सरकारी रजिस्टरमध्ये करायची, म्हणजे उद्या दुसरी कंपनी त्याच यंत्रावर पहिला हक्क सांगत उभी राहणार नाही. फॉर्म भरायचे, बस्स. डोकं लागत नाही. प्रोबेशन तीन महिने. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामीच आहे. महिनाभरात मी तिथे.
एकच अडचण. याच विभागात वहिनी आहे, सात वर्षांपासून. नोकरी तिनंच लावून दिली, हे दादानं आज जेवताना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार होता, मी पाणी आणायला उठलो.

७ ऑगस्ट
वहिनीच्या हातून सात वर्षांत एकही चूक झालेली नाही. हे मला साहेबांनी सांगितलं, शिपायानं सांगितलं, चहाच्या मशीनपाशी एका अनोळखी बाईनं सांगितलं. घरी आई सांगतेच. माझी आई! पोटचा मी, आणि कौतुक सुनेचं.
वहिनी ऑफिसातही मला 'भाऊजी' म्हणते. आता सगळेच म्हणतात. आज साहेब म्हणाले, "भाऊजी, जरा स्टेपलर द्या." इज्जतीचा पार भुगा.

१२ ऑगस्ट
इथली पद्धत अशी. प्रत्येक यंत्रावर पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावर सतरा आकडे. ते फॉर्मवर उतरवायचे. मग एकानं शेवटच्या आकड्यापासून उलटं, मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पट्टीच्या फोटोवर बोट ठेवून तपासायचं. शोध अर्थातच वहिनीचा. सरळ वाचलं की डोळा आपल्या मनातलंच वाचतो म्हणे. शेवटी दोन सह्या, भरणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची.
आज माझ्या चार फॉर्ममध्ये सहा चुका निघाल्या. वहिनी म्हणाली, "होतं असं सुरुवातीला, भाऊजी." तिचा हा प्रेमळ सूर माझ्या डोक्यात जातो. शिवी दिली असती तर परवडलं असतं.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून आकड्यांचा सराव.

१३ ऑगस्ट, पहाटे ५
(लिहितोय सव्वानऊला.) अलार्म वाजला नाही. वाजला असेल तर दादानं बंद केला.

१८ ऑगस्ट
वहिनीला विभागप्रमुख करणार अशी कुणकुण. महिनाअखेर कळेल. घरात आनंदीआनंद. मीही अभिनंदन केलं. दात आवळून केलं, त्यामुळे दादानं विचारलं, "दाढ दुखतेय का रे?"
दुपारी नोंदणी कार्यालयात पाठवलं होतं. वाटेत एका इमारतीचं काम चाललेलं. दीड तास क्रेन बघत उभा राहिलो. क्रेनचालक व्हावं. तेवढ्या उंचीवरून सगळेच लहान दिसत असतील. वहिनीसुद्धा.
नोंदणी कार्यालय तोवर बंद झालं.

२० ऑगस्ट
कपाटात अकरा फायली तुंबल्यात. सगळ्यांची कहाणी एकच. गिऱ्हाइकानं दोन-तीन यंत्रं कर्जावर घेतली, एकाचं कर्ज फिटलं. तेवढं एक तारणातून सोडायचं, बाकीची धरून ठेवायची. फॉर्म चार पानी. राहिलेल्या प्रत्येक यंत्राचे सतरा आकडे पुन्हा लिहायचे. वहिनी दिवसाला दोन फायली करते आणि लोक तिला हुशार म्हणतात.
मी साहेबांना सांगून टाकलं, उद्या संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "घाई नको, भाऊजी. मी बसते ना सोबत."
सोबत बसते! म्हणजे अर्धं श्रेय लाटते.

२१ ऑगस्ट, दुपारी ४
सापडलं!!
रजिस्टरच्या साइटवर आणखी एक फॉर्म आहे. एक पानी. नाव 'पूर्ण मुक्ती'. गिऱ्हाइकाचं नाव टाका, जुन्या नोंदीचा क्रमांक टाका, सही करा. यंत्रांचे आकडे विचारतच नाहीत! जिथे आकडाच नाही तिथे चूक होणार कुठून? सात वर्षं ही बाई उलटं वाचत बसली आणि हिला हा फॉर्म दिसला नाही!
अकरा फायली. एक तास चाळीस मिनिटं. तपासणाऱ्याच्या रकान्यातही माझीच सही, खाली दोन रेघा ओढून. वहिनी "दाखवा तरी" म्हणत आली. म्हटलं, गेल्यासुद्धा.

२२ ऑगस्ट
साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. वहिनीनंही वाजवल्या, पण जीव नव्हता त्यांत. जळते. जळू दे. मी मोठ्या मनानं तिच्याकडे बघून हसलो.
घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "वहिनीनं शिकवलं असेल."

२६ ऑगस्ट
बेकरीवाला केक घेऊन आला, खास मला भेटायला. त्याचं पीठ मळायचं मशीन फिटलं होतं, भट्टीचं अजून बाकी आहे. म्हणाला, "तुम्ही भट्टीपण सोडलीत, केवढं मन तुमचं! रजिस्टरात मोकळी दिसली, तर दुसऱ्या कंपनीनं लगेच तिच्यावर नवं कर्ज दिलं की हो." मी म्हटलं, गिऱ्हाईक सुखी तर आम्ही सुखी.
केक छान होता. वहिनीनं तोंडही लावलं नाही. कॉम्प्युटरपाशी जाऊन एकेक नोंद उघडून बघत बसली. चेहरा पांढरा. दुसऱ्याचं कौतुक काहींना पचत नाही.

तोच दिवस, साडेपाच
'पूर्ण मुक्ती' केली की त्या गिऱ्हाइकाची सगळीच यंत्रं मोकळी होतात. फिटलेली आणि न फिटलेलीसुद्धा. अकराही गिऱ्हाइकांची.
हे फॉर्मवर स्पष्ट लिहायला हवं होतं.
(लिहिलंय. लाल अक्षरांत.)

२८ ऑगस्ट
वहिनी दोन दिवस खुर्चीवरून हलली नाही. एकेका गिऱ्हाइकाला फोन, विनवण्या, नव्या सह्या, नव्या नोंदी. आकडे मी वाचले. दहा जणांची यंत्रं परत आमच्या नावावर लागली. भट्टी गेली. तिथे ती दुसरी कंपनी आधी पोचली, आता पहिला हक्क तिचा, आम्ही तिच्या मागे रांगेत.
दादा म्हणाला, "हिच्या जागी मी असतो तर तुला त्याच भट्टीत घातला असता." वहिनीनं उलट त्यालाच गप्प केलं. त्यातही तिचाच मोठेपणा.

२९ ऑगस्ट
साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं. विभागात चूक झाली म्हणजे जाणत्या माणसानं लक्ष दिलं नाही, अशा परिस्थितीत बढतीचा विचार करता येणार नाही, असं म्हणाले. वहिनी खाली बघत उभी. मला एक क्षण बरं वाटलं. इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितोय. एकच क्षण. फार तर दोन.
मग साहेबांनी अकरा फॉर्म टेबलावर पसरले. भरणारा मी. तपासणाराही मी. अकरा वेळा, दोन-दोन रेघांसकट. साहेब म्हणाले, "यांना तुम्ही जवळपास फिरकूसुद्धा दिलेलं दिसत नाही." मी म्हटलं, नाही दिलं.
वहिनी सुटली. बढती पक्की. मला म्हणाले, "भाऊजी, तुम्ही बाहेर थांबा."
म्हणजे तिला विभागप्रमुख मीच केलं. याबद्दल कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

१ सप्टेंबर
काढून टाकायच्या आत राजीनामा द्यायचा. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? क्रेनवाल्याला गाठलं. दोन वर्षं शिकावं लागतं, लायसन्स लागतं. वर म्हणाला, "उंचीची भीती नाही ना?"
विचारानंच गरगरलं. राजीनामा उद्या.

३ सप्टेंबर
राजीनामा उद्या.
माझं काय करायचं ते साहेबांनी नव्या विभागप्रमुखांवर सोडलंय. घरी नव्या विभागप्रमुखांनी मला नेहमीसारखंच वाढलं. आग्रह करून. एकही घास गोड लागला नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
वहिनीनं मला टेबलाशी बोलावलं आणि एक फॉर्म पुढे केला. प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवण्याची शिफारस. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'चूक केली, पण दुसऱ्यावर ढकलली नाही.' म्हणाली, "नीट वाचून बघा, भाऊजी, मगच सही करा."
घेऊन कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसलो. जेवणाची सगळी सुट्टी तिची एक तरी चूक शोधण्यात घालवली. तारीख बरोबर. माझं पूर्ण नाव बरोबर. माझा कर्मचारी क्रमांक मलाही पाठ नाही, तोही बरोबर. घंटा झाली. घाईघाईत सही ठोकली आणि फॉर्म नेऊन दिला.
सही साहेबांच्या रकान्यात झाली होती.
वहिनी रागावली नाही, हसली नाही. ड्रॉवर उघडला आणि दुसरी प्रत काढून पुढे ठेवली. आधीच भरून ठेवलेली.