तांदळात लिहिलेलं नाव

बाबा, आज मी तुमच्यावर मनापासून चिडले आहे, आणि चिडायला तुम्ही समोर नाही याची चीड वेगळीच. तुम्हाला जाऊन पाव शतक होत आलं. एवढ्या काळात माणूस गेलेल्या बापाबद्दल जरा हळवं बोलायला शिकतं. मीही शिकले होते. पण आईला इथे लंडनमध्ये, स्टॅनमोरला, माझ्याजवळ कायमचं ठेवून घेता यावं म्हणून वर्षभर मी जे निस्तरते आहे, ते सगळं तुमच्यामुळे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. एका सकाळी बाथरूममध्ये पडली, ती शेजारणीने दार उघडवून घेईपर्यंत तशीच फरशीवर पडून होती. तिला परत तिथे पाठवायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो अडला कशावर, तर तिचं नाव काय, यावर.

तुमच्या घरात हे व्हावं! उभा जन्म तुम्ही दुसऱ्यांचे दस्तऐवज वाचण्यात घातलात. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचात आणि घरी ताटावरही तेच. बाबिलोनचे लोक मातीच्या विटेवर करार लिहायचे आणि कुणी त्यात फेरफार करू नये म्हणून विटेला मातीचाच लिफाफा घालून त्यावर तो करार पुन्हा लिहायचे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. नाशिकच्या लेण्यातलं दान आधी नगराच्या सभेत जाहीर झालं, मग रीतसर दप्तरी नोंदलं गेलं, आणि हेसुद्धा तिथेच भिंतीवर कोरून ठेवलंय, हे सांगताना तुमचा घास हातातच वाळायचा. "नोंद नाही म्हणजे घडलंच नाही," असं म्हणायचात. शाळेच्या सहलीहून मी तुम्हाला आयुष्यातलं पहिलं पत्र पाठवलं, ते मी परत येईपर्यंत तुम्ही लाल शाईने तपासून ठेवलं होतंत. "तारीख नाही, स्थळ नाही, साक्षीदार नाही. हे पत्र म्हणायचं की वाफ?" मी चौथीत होते हो. घरची आठवण येत होती म्हणून लिहिलं होतं.

आणि तो रविवार. कुणाच्या तरी विहिरीच्या खोदकामात निघालेला ताम्रपट तुम्ही वाचायला घरी आणला आहे. तुम्ही आंघोळीला गेला आहात, आणि आईने पूजेच्या तांब्यापळीबरोबर तोही चिंच लावून घासायला घेतला आहे. मी पाटावर बसून बघते आहे. तुम्ही पंचा गुंडाळून ओलेतेच धावत येता. "अगं ए, बाराशे वर्षांचा आहे तो!" आई म्हणते, "म्हणूनच एवढा काळा पडलाय." मग राग विसरून तुम्ही तिथेच उकिडवे बसता आणि वाचायला लागता. पूर्वेला ओढा, पश्चिमेला वड, साक्षीला अमुक तमुक, चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावं. आई हात पुसत विचारते, "यात कुणा बाईचं नाव आहे का हो?" तुम्ही खूश होऊन सांगता की त्याच्याही आधी सातवाहन राजे आपल्या नावाआधी आईच्या कुळाचं नाव लावायचे. "यात मात्र नाही," म्हणता आणि पुन्हा भिंगात डोळा घालता. सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या 'अगं ए' मध्ये होतं, हे कळायला मला क्रॉयडनपर्यंत जावं लागलं.

घोटाळा असा. लग्नात तुम्ही तिचं नाव बदललंत. माझ्या जन्मदाखल्यावर आई म्हणून तुम्ही ठेवलेलं नाव आहे, कारण ते तुम्हीच सांगितलंत. पण ती इकडे यायची म्हणून पासपोर्ट काढला, तेव्हा तिच्याकडे जन्मतारखेचा एकच पुरावा होता, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर माहेरचं नाव. त्याला तुमचं आडनाव जोडलं आणि पासपोर्ट झाला. म्हणजे कागदोपत्री माझी आई एक बाई, आणि माझ्या घरात राहायचा अर्ज केलेली बाई दुसरीच. दोघी एकच, असं सांगणारा एक कागद हवा. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, नाहीतर नाव बदलल्याची नोंद. तुम्ही दोन्हींतलं काहीच केलं नाहीत. मी ब्रॅकनेलला दुसऱ्यांचे डेटाबेस सांभाळते, बाबा. असं रेकॉर्ड तिथे कुणी ठेवलं तर मी त्याला फाडून खाईन.

क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसातला माणूस भला होता. तरुण, चष्मेवाला, आईशी बोलताना मुद्दाम सावकाश बोलणारा. त्याने विचारलं, हे दुसरं नाव तुम्हाला कधी मिळालं आणि ते कुठे लिहिलेलं आहे? मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "तांदळात."

मी म्हटलं, "आई, प्लीज."

"अगं खरंच. ताटात तांदूळ पसरले होते, अंगठीने लिहिलं यांनी. सांग त्याला."

मी सांगितलं. इन राइस. तो म्हणाला, "सॉरी?" मी पुन्हा सांगितलं. त्याने अगदी आदराने विचारलं, त्याचा फोटो वगैरे आहे का. आई म्हणाली, "फोटोवाला जेवायला बसला होता. आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवले की." हेही मी इंग्रजीत सांगितलं, बाबा. तुमच्या बायकोच्या नावाचा अस्सल दस्तऐवज वऱ्हाडाने वरणाबरोबर खाल्ला, हे मी एका सरकारी माणसाला तोंड सरळ ठेवून सांगितलं.

मग साक्षीदार. लग्नाला हजर असलेल्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र आणा, असं सॉलिसिटरने सुचवलं. हयात कोण, तर नागपूरची आत्या. मी कॉलिंग कार्ड घेऊन तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाई गं, नाव बदललं होतं का? कोणतं ठेवलं होतं? आम्ही तर वहिनीच म्हणायचो." काकू, मामी, जाऊबाई, वहिनी. अख्ख्या गोतावळ्यात ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. तुमच्या तर नव्हतंच. तुमचं 'अगं ए' आणि 'ऐकलंस का'. माझी लेक, जिचं मराठी इथल्या शाळेतलं, जेवताना म्हणाली, "पण आजीचा खरा नाव कुठला आहे?" तिचं व्याकरण सुधारायचं सोडून मी तिला आणखी भात वाढला.

शेवटी डीएनए टेस्ट केली. आम्हा दोघींच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला. आई म्हणाली, "म्हणजे थुंकीवर विश्वास, सप्तपदीवर नाही." रिपोर्टमध्ये ती माझी आई निघाली, नाव न विचारता. मग उरलेला फॉर्म आम्ही जेवणाच्या टेबलावर भरत होतो. त्यात एक ओळ होती, आजवर वापरलेली इतर नावं. मी म्हटलं, "तुला ते नाव आवडत नव्हतं का गं?"

"आवडायचं की. त्यांनी शोधून ठेवलं होतं. म्हणजे हाकही मारतील, असं वाटलं होतं मला." मग तिने चष्मा काढून पुसला. "लिही ते. आणि पुढे लिही, कुणी वापरलं नाही."

मी तसंच लिहिलं. नॉट यूज्ड.

परवा उत्तर आलं. आई इथेच राहणार, माहेरच्या नावाने. मी तिच्या गळ्यात पडून रडले, पण तुमच्यावरचा राग काही उतरला नाही, उलट वाढला. एकदा, बाबा. बाराशे वर्षांपूर्वीच्या कुणाकुणाची नावं तुम्ही मोठ्याने वाचायचात. घरातलं एक नाव एकदा घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं?

काल संध्याकाळी ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती. मी दारात थांबले, तुमच्यासारखा घसा खाकरला आणि तुम्ही तांदळात लिहिलेल्या नावाने तिला हाक मारली. ती झटकन वळली. आधी तिने माझ्या मागे पाहिलं, रिकाम्या पॅसेजमध्ये. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही."

हे पत्र पाठवायचं तरी कुठे. म्हणून तारीख घातली नाही, स्थळही नाही. साक्षीदार आहे, पण तिने तेव्हा कुणाला शोधलं, हे तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.