बिनतेलाचं नवरात्र

२० सप्टेंबर, शुक्रवार
आज निर्णय झाला. यंदाच्या नवरात्रात आईचा उपवास माझ्या जबाबदारीवर.

पार्श्वभूमी (पुढे संदर्भाला लागेल): आई, म्हणजे केवळाबाई, माहूरच्या रेणुकेचे नऊ दिवस धरते. माझ्या जन्माच्याही आधीपासून. गेल्या वर्षी माहूरच्या पायऱ्यांवर तिला चक्कर आली आणि ती मटकन खाली बसली. डॉक्टरांनी परवा साफ सांगितलं, यंदा उपवास नाही. आई म्हणाली, त्याला काय कळतंय, लेकरू हाय ते. आणि जेवणच सोडलं. शेवटी आज डॉक्टर नरमले. उपवास धरा, पण तळलेलं बंद, पोट रिकामं ठेवायचं नाही. चक्कर आली की त्या क्षणी उपवास संपला.

म्हणजे बिनतेलाचं, फराळाला चालणारं आणि आईला आवडणारं काहीतरी हवं. उत्तर आमच्या ओट्यावरच झाकून ठेवलेलं आहे. लेकीनं हैदराबादहून पाठवलेला एअर फ्रायर. बायको, शिल्पा, त्यात फक्त पापड भाजते. फळांचे मसालेदार चिप्स करायचे! बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हे काय अवघड? रिटायर होऊन महिनाही झाला नाही आणि घराला माझी गरज पडली.

शिल्पाला सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, आधी एअर फ्रायरचा प्लग कुठं लावतात ते बघून या.

जळते.

२१ सप्टेंबर, शनिवार
पपई. पातळ काप, तिखट, जिरेपूड, सैंधव.
जॅम झाला. तिखट जॅम.
पपईत पाणी फार असतं. हा फळाचा दोष आहे, पद्धतीचा नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
सफरचंद. काप इतके पातळ जमले की आतल्या पंख्यानं उडाले आणि वर कॉइलला जाऊन चिकटले. धूर. आई दारात येऊन म्हणाली, काय जाळून राहिलास रे? तिला गरम हवेचं तंत्रज्ञान समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खिडक्या उघडल्या.

शिकलो: काप जास्त पातळ नकोत. म्हणजे हात चांगला बसतो आहे.

२४ सप्टेंबर
पेरू. बियांचं काय होईल याचा विचार राहिला. शिल्पानं विचारलं, आईंच्या दाढांचा विचार केलात का? केला होता. पेरू झाल्यावर.

२५ सप्टेंबर
चिकू.
नोंद करण्यासारखं काही नाही. भांडं भिजत घातलं आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार
सायंकाळी धम्मानंद आला. ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलावर होता, आता समोरच्या गल्लीत घर बांधलं आहे. त्यांच्यात नवरात्र नाही, पण खाण्यातलं चांगलं कळतं. म्हणाला, भुजंग, केळ्यांचं अर्धापूर हाकेवर असून तू पपया वाळवून राहिलास? कच्ची केळी आण की.

माझ्याही मनात केळीच होती. मी फक्त इतर पर्याय तपासून बाद करत होतो. रीतसर काम असंच होतं.

२८ सप्टेंबर, शनिवार
अर्धापूरहून कच्च्या केळ्यांचा अख्खा घड आणला. चिप्स झाले! कडक झाले. चव पुठ्ठ्यासारखी होती, ती सायंकाळपर्यंत टिकली. कडकपणा टिकला नाही.

आईनं एक चावून बघितला. म्हणाली, चांगलं हाय, पण ह्याच्यापरीस उपाशी बरं.

उपाशी. हाच शब्द मला नको आहे. खरं लिहायचं तर गेल्या वर्षी ती पायरीवर बसली तेव्हा मी शेजारीच होतो. तिला पाणी पाजायचं तर बाटलीचं झाकण उघडेना. पुन्हा ते बघायचं नाही मला.

३० सप्टेंबर, सोमवार. दुपारी
शोध लागला!!!

शिल्पा शाळेत. मी मसाल्याच्या शोधात फळीवरचे डबे उघडत होतो. मागच्या बाजूला आईचा स्टीलचा डबा. आत तो तिचा खमंग तपकिरी मसाला, येसर. लग्नाकार्यात आमटी करतात ना, तोच. जन्मभर भुरकत आलो, डबा आज पहिल्यांदा उघडला. वासानंच खात्री पटली.

ओल्या कापांवर येसर चोळला. एकदा भाजले, ताटात गार केले, पुन्हा भाजले. काय कुरकुरीत! चावल्याचा आवाज बैठकीत गेला. हे सगळं गार करून पुन्हा भाजण्यामुळं झालं, यात शंका नाही. पद्धतीला नाव दिलं आहे: दुबार थंड पद्धत.

धम्मानंदला चाखायला दिले. म्हणाला, लई भारी, पण ह्याला पीठ लावलंय का? मी हसलो. पीठ, आणि उपवासाला! बिलं तपासण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, पण तांत्रिक बाजू कायम कच्ची.

मसाल्याचं नाव गुप्त ठेवायचं. शिल्पापासून विशेष.

३ ऑक्टोबर, गुरुवार. पहिली माळ
घट बसले. माळ चढवल्यावर आईपुढं चिप्सची ताटली ठेवली आणि समोर बसलो.

तिनं एक तोंडात घातला. चावायची थांबली. माझ्याकडं बघितलं. मग घटाकडं बघितलं. विचारलं, कुणी केलं हे? मी म्हणालो, मीच. कोणता मसाला? म्हणालो, ते गुपित आहे. ती म्हणाली, बरं. आणि ताटली संपवली.

आईचा अभिमान असाच असतो, आत दाबून ठेवलेला.

४ ऑक्टोबर. दुसरी माळ
शिल्पानं रताळी उकडून आणली. आई म्हणाली, ते राहू दे माय, भुजंगचंच आण. शिल्पाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला.

६ ऑक्टोबर, रविवार. चौथी माळ
डॉक्टरांनी बीपी बघितलं, छान आहे म्हणाले. मी त्यांना दुबार थंड पद्धत सांगायला लागलो तर बाहेर पेशंट थांबलेत म्हणाले. तरुण पिढीला संशोधनात रस नाही.

शेजारच्या सुमनबाईंनाही उपवास असतो. नमुना म्हणून त्यांना एक डबी द्यायला निघालो होतो. आईनं हात धरला. म्हणाली, तिला नको देऊस, तिचं पोट नाजूक हाय. उत्पादन आपल्या घरातच राहावं असं तिला वाटतं. मीही आग्रह केला नाही, येसर झपाट्यानं संपतो आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार. पाचवी माळ. माहूर
पहाटे जीपनं निघालो. गर्दी मरणाची. मी आईच्या मागं, दोन्ही हात पुढं करून चढत होतो. एका बाईनं विचारलं, भाऊ, नवस हाय का?

आई कुठं थांबली नाही! गेल्या वर्षी बसली होती ती पायरी आली, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझेच डोळे भरले. मी घाम म्हणून पुसले.

देवीसमोर बराच वेळ उभी होती, ओठ हलत होते. पुजारी पुढं सरका म्हणत होते तरी हलली नाही. परत येताना विचारलं, काय बोललीस एवढं? म्हणाली, आमचं आमच्यात हाय.

चिप्सबद्दल बोलली असणार. दुसरं काय असणार.

९ ऑक्टोबर, बुधवार. सातवी माळ
अनर्थ.

दसऱ्याला पाहुणे येणार, येसराची आमटी करायची म्हणून शिल्पानं डबा काढला. डबा रिकामा. मी सहज, थोड्या अभिमानानंच, सांगितलं की तो कुठं गेला.

ती तिथंच फरशीवर बसली. मग अगदी सावकाश, तिसरीच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. येसर म्हणजे नुसता मसाला नव्हे. ज्वारी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ. खमंग भाजायचं, मसाल्याबरोबर दळायचं. म्हणजे, ती म्हणाली, सात दिवस तुम्ही आईंना उपवासात भाकरीच चारलीत. आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

हसण्यासारखं काय आहे यात? येसरात धान्य असतं हे मला आजवर कोणीही कळवलेलं नाही. डब्यावर तसं लिहिलेलंही नाही. शिवाय उपवास हा मनाचा असतो.

पण आईचं इतक्या वर्षांचं व्रत मी मोडलं. जेवण गेलं नाही. थोडं गेलं.

१० ऑक्टोबर. आठवी माळ
आज फक्त सैंधव आणि जिरे. दुबार थंड पद्धत जशीच्या तशी पाळली, तरी मऊ पडले. हवेत दमटपणा असणार.

आई म्हणाली, आज कालच्यावाणी न्हाईत. मी म्हणालो, मसाला संपला. संपला व्हय, असं म्हणून तिनं केवढा तरी सुस्कारा टाकला आणि शिल्पाकडं रताळी मागितली.

तिला काहीच ठाऊक नाही. किती भोळी आहे. उद्या सांगायचंच.

११ ऑक्टोबर. नववी माळ
सांगितलं नाही. सकाळी ती पूजेत होती, दुपारी झोपली, सायंकाळी प्रसन्न दिसत होती. प्रसन्न माणसाला असं सांगू नये.

धम्मानंदचा सल्ला घेतला. त्यानं विचारलं, चक्कर आली का? नाही. अशक्तपणा? नाही. मग गप बस, म्हणाला. तत्त्वाचे प्रश्न त्याला पहिल्यापासून कळत नाहीत. मी ठरवलं आहे. चूक मोठी, तर कबुलीही मोठी. उद्या दसरा आहे, चारचौघांत सांगणार. चारचौघांत सांगितलेल्या खऱ्याला वजन असतं. आईला धक्का बसेल, पण असा मुलगा आहे याचं समाधानही वाटेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
आईचं पारणं झालं. सायंकाळी सोनं द्यायला गल्ली लोटली होती. सुमनबाई आल्या, धम्मानंदही आला. मी उभा राहिलो, घसा साफ केला. धम्मानंद मागून शर्ट ओढत होता, दुर्लक्ष केलं. सगळं सांगितलं. येसर, धान्य, सात दिवस. शेवटी म्हणालो, आई, मला माफ कर.

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजाव्यात असं नाही, पण एवढी शांतताही अपेक्षित नव्हती.

सुमनबाई म्हणाल्या, अगं माय, म्हणजे सगळं वायाच गेलं की! मग बाया एकदम बोलायला लागल्या. व्रत मोडलं, आता पुन्हा धरावं लागतं, पहिल्यापासून. सगळ्या आईकडं बघू लागल्या. आई माझ्याकडं बघत होती. ते समाधान नव्हतं.

मग ती म्हणाली, ज्याच्या हातानं मोडलं त्यानंच धरायचं. बायांना ते एकदम पटलं. शिल्पालाही.

लोक गेल्यावर आईनं मला आत बोलावलं. म्हणाली, येड्या, पहिल्याच घासाला कळलं मला. तो येसर भाजला कुणी हुता? मी विचारलं, मग खाल्लास कशाला? ती म्हणाली, भूक लागत हुती रे. गेल्या साली लई भ्याले मी, पायरीवर. वाटलं, आता उठत न्हाई. पण नऊ दिवस सोडते असं कुण्या तोंडानं म्हणू? तू आणून दिलंस, समोर बसून माझ्या तोंडाकडं टुकूटुकू बघायला लागलास. म्हटलं, मला ठाऊकच न्हाई. माहूरला जाऊन तिच्या कानावर घातलं, तिनं ऐकून घेतलं. मिटलं हुतं सगळं. तू गल्ली गोळा केलीस.

यावर माझ्याकडं उत्तर होतं. आठवलं की लिहीन.

१३ ऑक्टोबर, रविवार. माझा पहिला दिवस
सकाळी सहा: संकल्प. नऊ दिवस कडक पाळणार. या वयात शरीराला विश्रांती हवीच असते. वजनही उतरेल. एकूण चांगलंच झालं.

साडेआठ: भगर. थोडी.

दहा: घरात इडल्या केल्यात. रविवारीच करायच्या असं काही होतं का?

साडेअकरा: डोकं जड. सुमनबाई दोनदा डोकावून गेल्या. लक्ष ठेवून आहेत.

पाऊण: आईपाशी जाऊन बसलो. ती जेवत होती. म्हणालो, आई, समजा दुपारी फारच भूक लागली, अगदी सोसेना, तर काय करायचं?

तिनं घास गिळला. म्हणाली, खायचं असलं तर खा. मला येऊन सांगू नको.