जुनिपर घोडी आणि बहीण ड्रुसिला

मी, सर ऑबरी हेसलडीन, निवृत्त कर्नल व माजी खासदार, राहणार मार्लकोट, लेस्टरशायर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याची डॉक्टरांनी खात्री केली आहे. फुप्फुसांबद्दल ते गप्प आहेत.

कलम १. हवेली, जमीन व सरदारकी घराण्याच्या दस्तानुसार पुतण्या लायोनेलकडे जाईल. यात मला काही देता येत नाही आणि अडवताही येत नाही.

कलम २. शेजारी मेजर बॅग्शॉ यांना दिवाणखान्यातला पेंढा भरलेला कोल्हा द्यावा. तो आपणच मारला असे ते दर नाताळात सांगतात. घेऊन जावा एकदाचा.

कलम ३. लष्करी पगारातून घेतलेले ओढ्याकाठचे घर व तांबडी घोडी जुनिपर माझी अविवाहित बहीण ड्रुसिला हिला, पूर्ण मालकीहक्काने. परवा जेवताना लायोनेल म्हणाला, "काका, घोडी म्हातारी झाली. तुमच्यामागे गोळी घालून मोकळं होऊ. आत्यानं लंडनला एखादी खोली बघावी."

त्याला ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. १९०० च्या निवडणुकीच्या वेळी मी दक्षिण आफ्रिकेत छातीत गोळी लागून पडलो होतो. ड्रुसिला याच घोडीवरून माझ्यासाठी मते मागत एकटी गावोगाव फिरली. भरबाजारात एक खाटीक ओरडला, "बाई, तुम्हाला स्वतःला मत नाही, आमचं कशाला मागता?"

ती खोगिरावरूनच म्हणाली, "असतं तर तुझ्या दारात आले असते होय रे? माझं मीच नसतं का टाकलं?"

सगळा बाजार हसला आणि मी निवडून आलो. मी तोफांवर चाल करून गेलो आहे, पण माझ्यामागे अख्खा रिसाला होता. तिच्यामागे कोणी नव्हते. ही हकिकत मी नुसती ऐकली, तरी आजही अंगावर काटा येतो. संसदेत मी सहा वर्षे बसलो ते तिच्या जिवावर.

कलम ४. आमच्या रिसाल्यात शवपेटीमागून मृताची घोडी रिकाम्या खोगिराने चालवतात, रिकिबीत त्याचे बूट उलटे अडकवून. माझे बूट घरीच ठेवावेत. जुनिपरवर ड्रुसिलाचे खोगीर घालावे व त्यावर तिने बसावे. बायका कबरीपाशी येत नसतात, असे लायोनेल म्हणेल. म्हणू द्यावे. वारस या नात्याने त्याने घोडीच्या मागून पायी चालावे.

सही: ऑबरी हेसलडीन
मार्लकोट, ९ मार्च १९०९

आम्हा दोघांदेखत सही झाली:
हॉरेस टिंडल, पाद्री
एनॉक पार्ट्रिज, नालबंद