टेकडीवरचा पसारा

अहो,

नमस्कार नंतर करते, आधी सांगा, गुडघ्याला तेल लावताय ना? आम्ही दोघी मायलेकी मजेत आहोत.

काल लेकीच्या मैत्रिणीने आम्हाला ओढूनच एका खेळाला नेलं. उघडीबोडकी, चढउताराची टेकडी. ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती फेकत फेकत लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची. वारा असा, की माझी पहिली चकती माझ्याच मागे येऊन पडली!

लेक मान खाली घालून चालत होती. जावई घर सोडून गेल्यापासून तिचं असंच आहे, पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

पुढे उतारावर लोकांच्या चार-पाच चकत्या गवतात पडलेल्या दिसल्या. मला मेलीला पसारा बघवतो कुठे! सगळ्या गोळा केल्या, पदराने पुसल्या आणि नेऊन ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. एक दाढीवाला तर डोक्याला हात लावून खालीच बसला. चकती पडते तिथूनच पुढची फेकायची असते म्हणे!

मी ओशाळले. मागे वळून बघते, तर आपली लेक पोट धरून हसतेय. "आई, अगं सगळ्यांचा डाव मोडलास!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली हो.

त्या भल्या लोकांनी पहिल्यापासून डाव मांडला आणि आम्हालाही त्यांच्यात घेतलं.

माझं परतीचं तिकीट एवढ्यात काढू नका. पुढच्या रविवारी परत जाऊ या का, असं तिला विचारणार होते. पण आत्ता दाराशी पाहिलं, तर तिने दोघींचे बूट पुसून शेजारी शेजारी मांडून ठेवलेत.

तुमचीच,
डावमोडी