नकाशाची शिवण

प्रिय अण्णा,

आत्ता लिहायला बसले, कारण उठताच येत नाही! विमानातल्या खुर्चीला पट्ट्यानं बांधलंय मला. समोरचा पडदा सांगतोय, बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को, चौदा हजार किलोमीटर, सोळा तास. तुम्हीच म्हणायचात ना, "ह्या भिंगरीला एका जागी बसवायचं तर विमानातच घालायला हवं"? घातलंत बघा!

मांडीवर झबलं आहे. तुमच्या जुन्या मऊ धोतराचं, अक्काच्या बाळासाठी तुम्ही बेतलेलं. आपल्यात पहिलं झबलं आजोबांच्या हातचं. एक बाही जोडलीत आणि म्हणालात, "चहा ठेव गं." मी आलं घालून चहा आणला तर... इतकी कसली घाई होती हो? दुसरी बाही सुटीच राहिली.

अक्काचे दिवस भरत आलेले, तुमच्या शेवटच्या दर्शनाला तिला येता आलं नाही. आता बाळ झालंय, पण बारसं तिनं अडवून धरलंय. फोनवर म्हणाली, "अण्णांचं झबलं अंगात घातल्याशिवाय नाव ठेवणार नाही. पोस्टानं नको, तू घेऊन ये. आणि बाही तूच जोड."

"अगं, मला साधी टीप सरळ येत नाही!"

"मग वाकडी घाल." ठेवला फोन.

आठवतं, अक्का तिकडे गेली तेव्हा बनशंकरीच्या आपल्या दुकानात तुम्ही भिंतीवरच्या नकाशाला टेप लावलीत? भारतापासून डावीकडे, आफ्रिका, समुद्र, थेट पलीकडच्या काठाजवळ. शेजारचे मंजण्णा म्हणाले, "स्वल्प दूरच की, अण्णा!"

"स्वल्प? अख्ख्या पाटलोणीची उंची आहे ही!"

सगळे हसले. तुम्ही मात्र ती टेप कितीतरी वेळ बोटाला गुंडाळत राहिलात.

खाली ढग किती छान दिसतायत, पिंजलेल्या कापसासारखे... हां, काय सांगत होते? पडद्यावरचं विमान उजवीकडे चाललंय, अण्णा! शेजारच्या काकू म्हणाल्या, ते नकाशाच्या ह्या काठातून बाहेर पडतं आणि त्या काठातून आत येतं. मी डोळे मिटले. तर तुम्ही भिंतीवरून नकाशा उतरवलात, वळवलात, दोन्ही काठ जुळवून टाचणी लावलीत. बाहीच की ती! एवढे मुरलेले शिंपी तुम्ही, आणि न शिवलेल्या कापडावर माप घेतलंत? अक्का तेवढी लांब नव्हतीच हो. शिवणीच्या पलीकडे तर होती.

काकू म्हणतात, उतरू तेव्हाही आजचीच तारीख असेल. म्हणजे दिवस पुन्हा मिळतो? मग तुमचा तो चहाचा दिवस कुठल्या वाटेनं गेलं की मिळेल?

सुई-दोरा खाली सामानात आहे. पोचले की अक्काशेजारी बसेन आणि बाही जोडून होईपर्यंत उठणार नाही. टाका वाकडा आला तर उसवून पुन्हा घालेन, तुम्ही घालायला लावायचात तसा. आणि गाठ बाहेरच्या बाजूला ठेवेन, बाळाला टोचायला नको.

पट्ट्याशिवाय बसेन, अण्णा.

तुमची,
भिंगरी